विश्रामचा डावा जोडा

खडकावर धावण्यासाठी जोडा निवडणं म्हणजे दोन हट्टी माणसांत तडजोड घडवणं, असं केतकी शिर्के नव्या धावपटूंना सांगत असे. तळ पातळ ठेवला तर जोडा हलका होतो आणि पायाला दगड कळतो. दहा-बारा किलोमीटरनंतर तो इतका कळतो की तळवे सुजतात. तळ जाड करून मध्ये कडक पत्रा घातला तर दगड टोचत नाही. पण मग पाय दगडावर कसा पडला हेही कळत नाही, आणि घोटा मुरगळल्यावरच उलगडा होतो. हलका की सुरक्षित, हा प्रश्न जुना होता. केतकी गेली अठरा वर्षं त्याच्यावरच जगत होती.

पाटणच्या वर, कोयनेच्या खोऱ्याच्या कडेला जांभ्या दगडाचा एक लांबलचक सडा आहे. वरून सपाट दिसतो. पाय ठेवला की कळतं, त्याला चाळणीसारखी भोकं आहेत आणि भोकांना धारदार कडा आहेत. सडा संपला की खाली घसारा लागतो, म्हणजे सुटे दगड आणि त्यांच्यावर वाळलेलं गवत. या दोन ठिकाणी टिकला तो जोडा सह्याद्रीत कुठेही टिकतो. केतकी जोडे इथे तपासत असे आणि तिने लिहिलेला निकाल वाचून मराठी मुलखातले निम्मे धावपटू जोडे घेत.

तिची पद्धत साधी होती. डाव्या पायात एक जोडा, उजव्यात दुसरा. त्याच दिवशी, त्याच वाटेवर, त्याच दमलेल्या शरीराने. मग पाय बदलायचे. नंतर तेच सगळं दुसऱ्या माणसाच्या पायात घालून पाहायचं. हा दुसरा माणूस म्हणजे तिचा धाकटा दीर विश्राम. दोघांच्या पावलांचं माप एकच होतं. तिची पावलं मोठी की त्याची लहान, हा वाद शिर्क्यांच्या घरात कधी मिटला नव्हता.

"बायकी पाय आहेत भावजी तुमचे," ती म्हणायची.

"दादाला विचारा वहिनी, लग्नात तुमचे जोडे कुणी पळवले होते? मीच. घालून बसलो होतो, कुणाला पत्ता नाही लागला."

धावण्याखेरीज विश्रामला आणखी एक काम होतं, आणि त्याला तेच खरं काम वाटे. तो सडा बचाव पथकात 'पुढचा' होता. सड्यावर आता सगळीकडे पवनचक्क्या होत्या. तिथला वारा एवढा, की जखमींना उचलणारे नवे ड्रोन कड्याजवळ गेले की भरकटत. त्यामुळे कुणी पर्यटक कड्यावर अडकला की आधी माणूसच धावत जाई. खांद्यावर दोर, पाठीवर औषधं. बाकीचे स्ट्रेचर घेऊन मागून येत. हा आधी पोचणारा तो 'पुढचा'. गेली नऊ वर्षं ती जागा विश्रामची होती. पथकाला या हिवाळ्यात सगळ्यांसाठी एकाच प्रकारचे नवे जोडे ठरवायचे होते, आणि केतकी सांगेल ते घ्यायचे असं ठरलं होतं.

*

निवडीच्या शर्यतीत तीन जोडे होते. एक पत्र्याचा, भक्कम आणि जड. दुसरा साधा, पातळ आणि हलका. तिसरा 'मृग'.

मृग घेऊन डॉ. शबाना मुजावर स्वतः पुण्याहून आल्या होत्या, त्याला आता वर्ष होत आलं होतं. त्या पदार्थविज्ञानाच्या. बोलताना हातातल्या वस्तूचे तुकडे करायची त्यांना सवय होती. केतकीच्या ओट्यावर बसून त्यांनी पिशवीतून कॉफीचं हवाबंद पाकीट काढलं आणि विश्रामच्या हातात दिलं.

"दाबा."

"वीट आहे की," विश्राम म्हणाला.

मुजावर यांनी कात्रीने पाकिटाचं टोक कापलं. सुस्स करून हवा आत शिरली आणि विटेची मऊ पिशवी झाली.

"कॉफी तीच आहे. मघाशी हवा नव्हती, म्हणून दाणे एकमेकांत अडकून बसले होते. आता सुटले. मृगच्या तळात अशा शेकडो बारीक पिशव्या आहेत. आतले दाणे राजगिऱ्याएवढे. ज्या पिशवीतली हवा ओढली ती कडक. सोडली की मऊ. टाच आपटते त्या दाबावरच पंप चालतो, त्यामुळे बॅटरी नखाएवढी पुरते. म्हणून वजन नाही."

केतकीने जोडा तळहातावर तोलला. आत पाय घालायचा राहून गेलाय असं वाटावं, इतका तो हलका होता. घोट्याच्या वर नडगीपर्यंत जाणारी एक पातळ पट्टी होती. तिच्यातही तेच दाणे.

"म्हणजे टोकदार दगड आला की तेवढ्या जागी कडक व्हायचं, बाकी मऊ राहायचं," ती म्हणाली.

"ते तर सोपं आहे. खरी गंमत पुढे. दगड टोचल्यावर कडक होऊन उपयोग काय? उशीर झालेला असतो. मृग पाय हवेत असतानाच ठरवतो. माणूस प्रत्येक पाऊल नव्याने टाकत नाही, सवयीने टाकतो. कुणाची टाच आधी पडते, कुणाचा घोटा बाहेर कलतो. पंधराएक दिवसांत जोडा त्या माणसाच्या सवयी शिकतो. मग तुमचा पाय वाकडा पडणार हे त्याला तुमच्या आधी कळतं, आणि ती कड तो आधीच घट्ट करतो. नडगीवरची पट्टीही तसंच करते."

"आमच्या आईसारखं," विश्राम म्हणाला. "आम्ही धडपडायच्या आधीच ओरडायची."

"हा ओरडत नाही. सावरतो आणि गप्प बसतो."

मग त्यांनी एकच नियम सांगितला. एकाचा जोडा दुसऱ्याने घालायचा नाही. शिकलेलं विसरायला त्याला तितकेच दिवस लागतात, आणि तोवर तो नव्या माणसाच्या पायाला जुन्या माणसाचा पाय समजत राहतो. घोटा दुखावू शकतो.

"मग आम्ही तपासायचं कसं?" केतकीने विचारलं. "आमची पद्धतच अदलाबदलीची आहे."

"एक वर्ष आपापला घालून बघा," मुजावर म्हणाल्या. "पथकातल्या सगळ्यांना मी एकेक जोड देते. वर्षाने मला खरं काय ते सांगा."

*

ते वर्ष मजेत गेलं. पहिल्या महिन्यातच विश्राम घसाऱ्यावरून असा उतरू लागला, की संपतकाका यादव, पथकाचे प्रमुख, निवृत्त वनरक्षक, दुर्बीण खाली ठेवून म्हणाले, "ह्यो माणूस हाय का भेकर?" विश्रामचं वय अठ्ठेचाळीस. त्या वर्षात तो एकदाही पडला नाही. केतकीही नाही. पथकातल्या कुणाचाच घोटा मुरगळला नाही, आणि ही गोष्ट त्या सड्यावर याआधी कधी घडली नव्हती.

केतकीला मात्र त्या जोड्याची भूल कधी पडली नाही. तिला कुतूहल होतं. धावताना ती मुद्दाम पाय वाकडा टाकून बघे. एखाद्या भोकाच्या कडेवर अर्धाच चवडा टेकवी. जोडा सावरून घेई. इतक्या सहज, की जोड्याने सावरलं की आपण, हे तिला सांगता येत नसे. निकालात काय लिहावं याचा ती विचार करी आणि दर वेळी याच जागी अडे. इथे जोडा कुठे संपतो आणि पाय कुठे सुरू होतो?

त्याच वर्षात विश्रामने घरच्या चपला दोनदा बदलल्या. डावी चप्पल जिन्यावर पायातून निसटायची. त्याने चपलेचा अंगठा तपासला, पट्टा तपासला, आणि रबर हलकं आहे असा निर्णय दिला. केतकीनेही ती चप्पल वाकवून पाहिली आणि मान डोलावली. नवी आली. मग तीही निसटू लागली. केतकीचा नवरा जयंत शाळेत गणित शिकवायचा. तो वहीतून मान वर न करता म्हणाला, "हा जिना उतरतो तेव्हा एक पाय थप वाजतो. आधी वाजत नव्हता."

"चप्पल दादा, चप्पल," विश्राम म्हणाला. "तळ फार लवचीक आहे."

"मागच्या बाजूला पट्टा असलेली घ्या," केतकीने सुचवलं.

पायात काही बिघडलं की दोघांचं लक्ष आधी पायताणाकडे जाई. अठरा वर्षांच्या धंद्याने लावलेली ती सवय होती.

*

मार्गशीर्षातल्या एका सकाळी शेवटची चाचणी ठरली. गवत पिवळं पडलं होतं, वारा कोरडा होता आणि पवनचक्क्यांच्या सावल्या सड्यावरून एकामागून एक सरकत होत्या. केतकी एका दगडावर बसली आणि तिने डाव्या जोड्याची दोरी सोडली.

"काढा तुमचा डावा," ती म्हणाली.

"बाईंनी नको म्हटलंय वहिनी."

"वर्षभर त्यांचं ऐकलं. आज आपली पद्धत. मुरगळला तर माझा मुरगळेल. हळू जाऊ."

विश्राम हसला. त्यालाही उत्सुकता होतीच. त्याने तिचा डावा घातला, तिने त्याचा. उजवे आपापले. दोघे सड्यावरून निघाले.

पहिल्या काही पावलांतच केतकी बावचळली. तिचा डावा पाय हवेत गेला की नडगीवरची पट्टी घट्ट होई आणि चवडा वरच धरून ठेवी. कुणीतरी बोटांना दोरा बांधून वर खेचावं तसं. तिला त्याची काही गरज नव्हती. तिचा चवडा आपला आपण उचलला जात होता. पण जोडा ऐकत नव्हता. पाऊल पडायच्या आधी तो प्रत्येक वेळी तिचा चवडा उचलत होता. प्रत्येक पावलाला, न चुकता, कामसूपणे. उजव्या पायात असलं काही नव्हतं.

ती वेग कमी करत करत थांबली. एखादी पिशवी फुटली असावी, हा तिचा पहिला विचार. नेहमीप्रमाणे पायताणाचा. मग तिला मुजावर यांचं वाक्य आठवलं. तो नव्या पायाला जुन्या माणसाचा पाय समजतो.

म्हणजे जोडा चुकत नव्हता. तो विश्रामचा पाय सांगत होता.

मागे धप्प आवाज झाला. वळून पाहिलं तर विश्राम सड्यावर गुडघ्यांवर पडला होता. तळहात खरचटले होते.

"तुमचा जोडा फितूर आहे वहिनी," तो कपडे झटकत म्हणाला. "ऐन वेळी हात सोडतो."

"काय झालं नेमकं?"

"चवडा अडकला दगडाला. एवढासा दगड. दोनदा झालं."

तिने दोन्ही जोडे काढले. "तुम्हीही काढा," ती म्हणाली. "अनवाणी या इकडे."

सड्यावर एका ठिकाणी जांभा घासून गुळगुळीत झाला होता. शर्यतींच्या तळावर डॉक्टर धावपटूंना काय करायला लावतात ते तिने अनेकदा पाहिलं होतं.

"टाचांवर चाला. चवडे वर उचलून. त्या पवनचक्कीच्या खांबापर्यंत."

"हा काय पोरखेळ?"

"चाला तरी."

विश्राम चालला. उजवा चवडा ताठ वर. डावा अर्धाच उचलला गेला आणि चार पावलांत खाली लोंबला. त्याने पुन्हा उचलला. पुन्हा लोंबला. थप. थप. जयंतला जिन्यावर ऐकू येत होता तो आवाज. विश्रामने पायाकडे असं पाहिलं, जणू कुणी तिऱ्हाईत त्याच्या जागेवर येऊन बसलाय. मग हसायचा प्रयत्न केला, आणि मध्येच सोडून दिला.

"चप्पल चांगली होती म्हणजे," तो म्हणाला.

*

दुसऱ्या दिवशी मुजावर आल्या. अदलाबदल केली म्हणून रागावल्या नाहीत. जोड्याला तार लावून त्यांनी वर्षभराची आकडेवारी पडद्यावर आणली. डाव्या पायाचा भाग त्यांनी दोनदा मागे नेऊन पाहिला, आणि तेवढ्यावरून केतकीला उत्तर कळलं.

उजव्या पायाची रेघ आडवी होती. डाव्या पायाची वैशाखापर्यंत तशीच, आणि मग चढत गेलेली. आधी नुसती दमल्यावर चढायची. मग रोज. शेवटी शेवटी पहिल्याच पावलापासून.

"ही रेघ म्हणजे जोड्याने केलेली मदत," मुजावर म्हणाल्या.

"म्हणजे जोड्याला वैशाखातच माहीत होतं," केतकी म्हणाली.

"माहीत होतं म्हणणं बरोबर नाही. त्याला एवढंच कळतं, की या पायाला थोडं जास्त धरावं लागतंय. का, ते त्याला कळत नाही."

"पण कळलं तेवढं सांगितलं का नाही?"

मुजावर यांनी चष्मा काढून पुसला. "पहिल्या नमुन्यात सांगत होता. मनगटावरच्या घड्याळात आकडा यायचा, आज किती मदत झाली त्याचा. लोकांना तो आवडला नाही. एकाने तर घाबरून धावणंच सोडलं. सगळ्या तपासण्या केल्या, काही निघालं नाही, फक्त त्याच्या उजव्या टाचेला कुरूप होतं. मग आम्ही आकडा काढून टाकला. धावणाऱ्याला आपण बरे धावतोय एवढंच कळू द्यावं, असं ठरलं. ठरवताना मीही होते."

"मला चष्म्याशिवाय वाचता येत नाही," केतकी म्हणाली. "त्यात मला काही वाटत नाही. पण चष्मा नाकावर आहे हे मला माहीत असतं."

"हो," मुजावर म्हणाल्या. "तोच आमचा घोटाळा."

विश्राम ओट्याच्या पायरीवर बसून ऐकत होता. "बाई, एक विचारू? जोडा नसता तर मी वैशाखातच आपटलो असतो?"

"बहुधा."

"कड्यावर?"

मुजावर यांनी जोड्याची तार हळूच काढून घेतली.

"म्हणजे त्याने वाचवलंही, आणि फसवलंही," विश्राम म्हणाला. आवाजात राग नव्हता. हिशेब जुळतो का ते तो पाहत होता.

कऱ्हाडच्या डॉक्टरांनी दोन दिवसांत निदान केलं. कमरेतल्या मणक्याची गादी सरकून नस दाबत होती. दुखत नव्हतं, म्हणून कळलं नाही. सुरुवातीला आला असतात तर कदाचित व्यायामावर भागलं असतं, ते म्हणाले. आता शस्त्रक्रिया. जेवढी लवकर, तेवढं पायातलं बळ परत येण्याची शक्यता जास्त. किती येईल, याची खात्री ते देत नव्हते.

*

परतताना गाडी केतकी चालवत होती. गाव जवळ आलं तसा विश्राम बोलू लागला.

"होळीनंतर करतो ऑपरेशन."

"डॉक्टर लवकर म्हणाले."

"डिसेंबर ते फेब्रुवारी गर्दीचे दिवस. पुण्या-मुंबईची पोरं कड्यावर फोटो काढत उभी राहतात. गेल्या हिवाळ्यात अकरा जणांना आणलं खाली. तेवढं होऊ दे."

"आणि पाय?"

"पायाला जोडा आहे ना." तो तिच्याकडे वळला. "परवा संपतकाकांपुढे निकाल सांगाल, तेव्हा जोडा चांगला आहे एवढं सांगा. ते खोटं नाही. माझं सांगायची काय गरज? तो जोडा घालून मी पथकात कुणाहून कमी आहे का, ते सांगा वहिनी. मग मी गप्प बसतो."

तो कमी नव्हता. मृग घातलेला विश्राम आजही सड्यावरचा सगळ्यात वेगवान माणूस होता. हे खरं होतं आणि तिला खरंच लिहायची सवय होती.

"पिशवी फाटली तर?" ती शेवटी म्हणाली.

"दोर तुटला तर? कडा ढासळला तर?"

"दोर तुम्ही रोज तपासता."

तो खिडकीबाहेर पाहू लागला. मग म्हणाला, "नऊ वर्षं. वर अडकलेल्या माणसाला आधी माझं तोंड दिसतं. तुम्हाला नाही कळायचं ते."

"नाही कळणार," केतकी म्हणाली. "पण मी गप्पही राहणार नाही भावजी. तुमचं नाव घेणार नाही, एवढं करते. पद्धत सांगेन."

"कसली पद्धत?"

"आपली."

*

पथकाची खोली सड्याच्या कडेला, पवनचक्कीवाल्यांच्या जुन्या गोदामात होती. बाराजण जमले होते. सगळे मृग घालूनच आले होते. संपतकाकांनी चहा संपवून मिशा पुसल्या.

"बोल गं केतकी. काय घ्यायचं?"

"मृग घ्या," ती म्हणाली. "खडकावर एवढा हलका आणि एवढा सुरक्षित जोडा मी पाहिला नाही. वर्षभरात कुणाचा घोटा गेला नाही, तो जोड्यामुळेच. पण एक अट आहे. दर महिन्याला, ज्याचं माप जुळतं त्याच्याशी एकेक जोडा बदलायचा आणि या खोलीपासून त्या खांबापर्यंत हळू जाऊन यायचं. दुसऱ्याचा जोडा आपल्या पायाला काय करतो ते त्याला जसंच्या तसं सांगायचं. आजपासून सुरुवात. आधी डावा."

"कशापायी?" संपतकाकांनी विचारलं.

"आपला जोडा आपल्याला सांगत नाही. दुसऱ्याच्या पायाला सांगतो."

थोडा हशा पिकला. "माज्या जोड्याला वास येतोय, आधीच सांगून ठेवतो," कुणीतरी म्हणालं. दोऱ्या सुटू लागल्या. विश्राम मात्र बसून राहिला. त्याच्या मापाची पथकात दुसरी फक्त शिवानी होती. चोवीस वर्षांची, ढेबेवाडीची, पथकातली सगळ्यात नवी. तिने आपला डावा काढून पुढे धरला होता.

"काका, द्या की."

विश्रामने केतकीकडे पाहिलं. तिने नजर वळवली नाही आणि खूणही केली नाही. त्याला उठून जाता आलं असतं. पाय दुखतोय म्हणून सांगता आलं असतं. त्याने दोरीची गाठ सोडली, जोडा काढला आणि शिवानीच्या हातात ठेवला.

ती गोदामाबाहेर गेली. जेमतेम दहा-बारा पावलं टाकून थांबली, पायाकडे वाकून पाहिलं आणि परत आली.

"हा चवडा ओढतोय वर," ती गोंधळून म्हणाली. "सारखा. बिघडलाय का?"

"जोडा नाही बिघडला," विश्राम म्हणाला. "पाय बिघडलाय. माझा." मग त्याने अनवाणी उभं राहून सगळ्यांसमोर टाचांवर चालून दाखवलं. डावा पाय फरशीवर वाजत राहिला.

संपतकाकांनी त्याला शेवटपर्यंत चालू दिलं.

"डाक्टर काय म्हनला?"

"ऑपरेशन. लवकर."

"मंग लवकर. सोमवारीच जा." म्हातारा उठला, भिंतीवरचा दोर काढला आणि शिवानीच्या खांद्यावर टाकला. "तवर ही पुढं जाईल. जागा तुजी हाय, पर पाय घिऊन ये. जोड्याचा न्हाई, तुजा."

विश्रामने मान हलवली. डोळे पुसले नाहीत, ते दारातून येणाऱ्या वाऱ्याने कोरडे झाले. मग तो शिवानीला खाली बसवून दोर कुठल्या खांद्यावर घ्यायचा आणि का, ते सांगू लागला. केतकी दारात उभी राहून बाहेर बघत होती. आपण बरोबर केलं असं तिला वाटत होतं, आणि त्याचा आनंद मात्र होत नव्हता.

"वहिनी," मागून विश्रामचा आवाज आला. "डावे झाले. आता उजवे. तुम्हीपण."

"मी पथकात नाही."

"पद्धत तुमची आहे. काढा."

सगळे हसले. केतकीनेही हसत उजवा जोडा काढून त्याला दिला. तो घालून विश्राम बाहेर गेला, जपून, डावा पाय नीट उचलून टाकत. खांबापर्यंत गेला. वळला. येताना मध्येच थांबला, उजवा पाय पुन्हा एकदा टाकून पाहिला आणि आणखी एकदा. मग आला आणि दोरी सोडू लागला.

"काय?" तिने विचारलं.

"काही नाही. ठीक आहे."

अठरा वर्षं ती या माणसाकडून जोड्यांबद्दल ऐकत आली होती. 'ठीक आहे' असा शेरा त्याने आजवर एकाही जोड्याला दिला नव्हता.

"भावजी."

त्याचे हात दोरीवर थांबले. मग त्याने मान वर केली.

"पाऊल पडायच्या आधी कड घट्ट करतो," तो म्हणाला. "प्रत्येक पावलाला. थोडीच, पण करतो."

केतकी त्याच्यासमोर जमिनीवर बसली. आपलं उघडं उजवं पाऊल तिने दोन्ही हातांत घेतलं आणि तपासायला आलेल्या एखाद्या नव्या जोड्यासारखं उलटसुलट फिरवून पाहिलं.

"कुठली कड?" तिने विचारलं. "आतली की बाहेरची?"